भाड्याचा आकडा नंतर, ताबा आधी

मुंबईत वन बीएचके भाड्याने द्यायचा म्हटलं की घरात पहिली चर्चा आकड्याची होते. अठ्ठावीस की तीस? एजंट बत्तीस मिळवून देतो म्हणतो, सोसायटीतले काका सांगतात आमच्या विंगेत सव्वीसला गेलं. या घासाघिशीत दोन संध्याकाळी जातात. करारनाम्याच्या मसुद्याला मात्र दहा मिनिटंही मिळत नाहीत. एजंटच्या लॅपटॉपवरचा तयार नमुना, त्यात नावं बदललेली, आणि खाली दोघांचे अंगठे. (ऑनलाइन नोंदणीत आता खरंच अंगठा लागतो, त्यामुळे शिकलेली माणसंही अंगठेबहाद्दर झाली आहेत.)

माझ्या मते हा सगळा क्रम उलटा आहे. दोन हजार कमी-जास्त झाले तर वर्षाला चोवीस हजारांचा फरक. घर ठरलेल्या दिवशी रिकामं झालं नाही तर मुलीचं लग्न, स्वतःची बदली, विक्रीचा ठरलेला सौदा, काहीही अडकू शकतं. मोठ्या मालकाची वीस घरं असतात, एक अडकलं तरी त्याला झोप लागते. ज्याचं एकच जास्तीचं घर आहे त्याची खरी पुंजी म्हणजे हवा तेव्हा मिळणारा रिकामा ताबा. भाडं हे त्या पुंजीवरचं व्याज. पुढचं सगळं या एका हिशेबाने वाचा.

जुन्या मुंबईकरांच्या मनात याची भीती उगाच बसलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवलं. मालकांनी पळवाट म्हणून ‘भाडेकरू’ऐवजी ‘लायसन्सी’, म्हणजे नुसत्या वापराच्या परवानगीवर राहणारा माणूस, ठेवायला सुरुवात केली. मग १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांना संरक्षित भाडेकरू करून टाकलं. ‘घर बंद पडलं तरी चालेल, पण भाड्याने नको’ हे वाक्य ज्या पिढीकडून ऐकू येतं, तिने हे पाहिलं आहे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि चित्र बदललं. त्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी लायसन्सवर दिलेलं घर मुदत संपताच परत करावं लागतं. नाही केलं तर मालक या कामासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळू शकते. लेखी करारात जे लिहिलं आहे तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा धरला जातो.

म्हणूनच मसुद्यातला एकेक शब्द महत्त्वाचा.

आधी गुंतवणुकीचा हिशेब, खरा

ज्यांनी अजून दुसरं घर घेतलेलं नाही, त्यांच्यासाठी एक उदाहरण मांडतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घालून बघा. घराची किंमत १ कोटी १० लाख. त्यावर मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ६ लाख ६० हजार (खरेदीदार फक्त महिला असतील तर एक टक्का सवलत). नोंदणी फी ३० हजार. एजंट एक टक्का, १ लाख १० हजार. रंग, ग्रिल, किचनचा ओटा, पंखे मिळून अडीच लाख. बेरीज १ कोटी २० लाख ५० हजार. लोक परतावा काढताना फक्त एक कोटी दहा धरतात, तिथेच पहिली चूक.

भाडं २८ हजार. वर्षाचे बारा महिने धरू नका, अकरा धरा. दोन भाडेकरूंच्या मध्ये रंगकाम, घर दाखवणं आणि एखादा पावसाळा जातोच. म्हणजे ३ लाख ८ हजार. त्यातून मेंटेनन्स महिना ४ हजारांनी ४८ हजार, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (स्वतः न राहता घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी घेते ते शुल्क) साधारण ३,६००, दर दोन वर्षांनी एका महिन्याचं भाडं ब्रोकरेज म्हणून वर्षाला १४ हजार, आणि दुरुस्तीचे १५ हजार वजा करा. हातात २ लाख २७ हजार ४००. कागदावरचे ३ टक्के प्रत्यक्षात १.९ टक्क्यांवर आले. तुम्ही ३० टक्क्यांच्या गटात असाल तर त्यातून सुमारे ६७ हजार कर जातो आणि उरतो १.३ टक्का.

याच घरासाठी ८० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी काढलं तर हप्ता सुमारे ६९,४००. ‘भाड्यातून हप्ता सुटेल’ हे वाक्य मुंबईत कुणी बोललं तर नम्रपणे विषय बदलावा. इथे घर घेणारा भाड्यावर नव्हे, किंमत वाढण्यावर पैसे लावत असतो, आणि वाढलेली किंमत हातात येते ती घर रिकामं असेल तेव्हाच. राहत्या भाडेकरूसह विकायला काढलेल्या घराला स्वतः राहायला येणारा गिऱ्हाईक सहसा फिरकत नाही.

घेताना ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक बघा. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. अशा घरावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो, ओसी आल्यावर विकलेल्या घरावर लागत नाही. इमारत तीस वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आणि मोठ्या दुरुस्तीसाठी सभासदांकडून किती वर्गणी ठरली आहे, हे सोसायटीच्या मागच्या दोन वार्षिक सभांच्या इतिवृत्तात सापडतं. तिथे ‘गच्ची वॉटरप्रूफिंग’ असा विषय दिसला की सर्वात वरच्या मजल्यावरचं घर घेताना भाव उतरवा. पागडीची जागा भाड्याने देण्यासाठी म्हणून घेऊ नका. तिथे तुम्हीच भाडेकरू असता आणि मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही.

करारनामा

दोन शब्द मसुद्यातून हद्दपार करा: ‘भाडेकरू’ आणि ‘भाडं’. या लेखात मी ते बोलीभाषेच्या सोयीसाठी वापरतो आहे. कागदावर लायसन्सर, लायसन्सी आणि लायसन्स फी असंच लिहावं. घराचा कायदेशीर ताबा मालकाकडेच आहे, लायसन्सीला फक्त वापरायची परवानगी आहे, हे वाक्य असू द्या. घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाचं नाव घाला. करार मुलाच्या नावावर आणि राहतात आई-वडील, मग मुलगा बंगळुरूला निघून जातो, आणि मुदत संपल्यावर दारात उभं राहतं ते कागदावर नसलेलं माणूस. हे फार वेळा होतं.

पत्ता शेअर सर्टिफिकेटवर आहे तसाच, विंग आणि मजल्यासह. सोबत जमिनीचा भूमापन क्रमांक: उपनगरात सीटीएस नंबर, शहरात सी. एस. नंबर. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्याही सह्या, नाहीतर एकाचं कुलमुखत्यारपत्र. वडील गेले आणि घर अजून त्यांच्याच नावावर आहे, तर आधी वारसांचा प्रश्न सोडवा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, आणि एका भावाने परस्पर करार केला की घर आणि नातं दोन्ही एकदमच अडकतात.

लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येणारा सुरुवातीचा काळ, दोन्ही बाजूंनी ठेवा. सहा महिने पुरेसे. त्यानंतर एक महिन्याची नोटीस, लेखी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली चालेल का, तेही करारात लिहा आणि दोघांचे नंबर व ईमेल नमूद करा. वाढ दर अकरा किंवा बारा महिन्यांनी ५ ते १० टक्के, आकडा रुपयात लिहिलेला बरा. वीज आणि पाइप गॅस लायसन्सीने, मेंटेनन्स आणि मालमत्ता कर मालकाने. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता करात माफी आहे, तेव्हा छोट्या घरात ही बाब किरकोळ आहे. सोसायटी पुनर्विकासाला गेली तर काय, याचं एक कलम हल्ली घालाच. बिल्डरकडून मिळणारं पर्यायी घराचं भाडं सभासदाला मिळतं, लायसन्सीला नाही, आणि घर खाली करायची तारीख मालकाच्या हातात नसते. अशा वेळी लॉक-इन असला तरी तीस दिवसांत घर रिकामं करून द्यायचं, असं आधीच मान्य करून घ्या.

‘अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही’ हा समज दिल्लीकडच्या लोकांनी आणलेला असावा. महाराष्ट्रात याच १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे वाद झाला तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते खरं धरलं जातं, आणि ते खोटं असल्याचं सिद्ध करणं तुमच्या गळ्यात येतं. नोटरी केलेला शंभर रुपयांचा कागद इथे काही कामाचा नाही.

खर्च तरी किती? मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीचं भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. चोवीस महिने, महिना ४० हजार, डिपॉझिट दीड लाख असेल तर भाडं ९ लाख ६० हजार, व्याज दोन वर्षांचं ३० हजार, एकूण ९ लाख ९० हजार, त्याचे पाव टक्के म्हणजे २,४७५ रुपये. वर महापालिका क्षेत्रात नोंदणी फी १ हजार. बाकी एजंट घरी यंत्र घेऊन येतो त्याचा मेहनताना. त्याच्या बिलात ‘स्टँप आणि रजिस्ट्रेशन ६,०००’ अशी एकच ओळ असेल तर सरकारी भरण्याचं चलन मागा. साठ महिन्यांपुढची मुदत ठेवू नका. तिथून शुल्काचा हिशेब भाडेपट्ट्याचा होतो.

नोंदणी झाली की इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला कराराचा गोषवारा, उतरवून घ्या आणि नाव, घर क्रमांक, तारखा वाचा. सुरुवातीची तारीख एजंटने मागच्या महिन्याची टाकलेली, किंवा ‘बी विंग’चं ‘डी विंग’ झालेलं, या चुका नंतर दुरुस्तीपत्राशिवाय निघत नाहीत.

पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती द्यावी लागते. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर तो फॉर्म भरता येतो. न दिल्यास पोलीस आयुक्तांच्या आदेशाचा भंग केल्याबद्दल गुन्हा मालकावर होतो, एजंटवर नाही, म्हणून ‘ते मी करून टाकतो’ यावर न थांबता पोच स्वतः जवळ ठेवा. परदेशी नागरिक ठेवला तर त्याची माहिती २४ तासांत द्यायची असते.

सोसायटी

सेक्रेटरी ‘आमची एनओसी लागेल’ म्हणतात. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे अशा लायसन्स कराराला, सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी लेखी कळवावं लागतं आणि कराराची प्रत व पोलीस माहितीची प्रत द्यावी लागते. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, असा शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. पूर्ण मेंटेनन्सच्या नव्हे, त्यातल्या फक्त सेवा शुल्काच्या. सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, कर, पाणी हे सगळं बाजूला काढून जो उरेल त्याचे १० टक्के. बिलात मेंटेनन्सच्या दुप्पट रक्कम आली तर या आदेशाचा हवाला देऊन पत्र द्या आणि पोच घ्या, तोंडी भांडू नका. आई-वडील, भावंडं किंवा लग्न झालेली मुलगी राहत असेल तर हे शुल्क लागतच नाही.

हे सगळं खरं असलं, तरी सोसायटीशी वाकडं घेऊन घर भाड्याने देणं म्हणजे स्वतःच्या भाडेकरूला लिफ्टमध्ये रोज टोमणे ऐकायला पाठवणं. कायदा खिशात ठेवावा, पत्र गोड लिहावं.

माणूस कोण

मुंबईत अजूनही ‘खातात काय’ हा प्रश्न ‘कमावतात काय’ याच्या आधी विचारला जातो. मराठी कुटुंबांनाच याचा फटका बसलेला आहे, तेव्हा आपण तरी तो विचारू नये. मासळीच्या वासाने घर रिकामं करून घेता येत नाही असं कधी होत नाही. थकलेल्या भाड्याने होतं. बॅचलर नकोत हाही असाच हट्ट. तीन नोकरदार मुलं दीड-दोन वर्षांत स्वतःहून निघून जातात, आणि ताब्याच्या हिशेबाने पाहिलं तर ही त्यांची सर्वात चांगली बाजू आहे. फक्त तिघांचीही नावं करारात हवीत, आणि एकाने घर सोडलं तरी भाडं पूर्ण द्यायचं ही अटही.

बघायचं ते हे: शेवटच्या तीन पगाराच्या पावत्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. स्टेटमेंटमध्ये आधीच्या घरमालकाला दर महिन्याला कोणत्या तारखेला पैसे गेले ते दिसतं, आणि ही एक ओळ बाकी सगळ्या कागदांपेक्षा बोलकी. भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत असावं. आधीच्या मालकाला फोन करा, सध्याच्या नव्हे. सध्याच्याला माणूस घालवायचा असेल तर तो गोडच बोलेल. आधार कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन करून फोटो जुळवा.

जाहिरात ऑनलाइन टाकली की दुसऱ्या दिवशी एक ठरावीक फोन येतो. मी लष्करात आहे, मुंबईत बदली झाली आहे, घर न बघताच पसंत आहे, डिपॉझिट आत्ता पाठवतो, तुम्ही फक्त हा कोड स्कॅन करून पिन टाका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. घरातल्या ज्येष्ठांचा नंबर जाहिरातीत दिला असेल तर त्यांना हे आधी सांगून ठेवा.

डिपॉझिट तीन ते चार महिन्यांचं घ्यावं, आणि बँकेतूनच. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यातली दोन महिन्यांची मर्यादा महाराष्ट्रात लागू नाही. पण दहा महिन्यांचं डिपॉझिट मागणाऱ्या मालकाला भाडेकरू कमी मिळतात, आणि जो मिळतो तो त्या रकमेच्या जोरावर शेवटचे चार महिने भाडं थांबवून बसतो.

हेवी डिपॉझिटपासून लांब राहा. पंधरा लाख एकरकमी घ्यायचे, भाडं शून्य, दोन वर्षांनी पूर्ण रक्कम परत. मालकाला वाटतं बिनव्याजी पैसे मिळाले. ते पैसे कर्जात किंवा दुकानात गेलेले असतात. दोन वर्षांनी पंधरा लाख उभे राहत नाहीत, आणि पैसे मिळेपर्यंत समोरचा घर सोडत नाही. तुम्ही त्याच्या जागी असतात तर तुम्हीही सोडलं नसतं. स्वतःच्या हाताने गहाण टाकलेलं घर आहे ते. घ्यायचंच असेल तर रक्कम मुदत ठेवीत ठेवा, ठेवीची तारीख कराराच्या शेवटाशी जुळवून.

किल्ली देण्याआधी

भांडणांचं सर्वात मोठं कारण गळती. खालच्या घराच्या छताला ओल आली की सेक्रेटरी तुम्हाला फोन करतात, भाडेकरू म्हणतो मी काय करू, आणि न्हाणीघर तोडायचं तर माणसं घरात राहतात. संडास-बाथरूममधली गळती ही सभासदाची जबाबदारी. गच्ची आणि बाहेरचे सामाईक पाइप सोसायटीचे. म्हणून घर रिकामं असतानाच चाचणी करा. नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी वाहून जायचं तोंड) कापडाने बंद करून फरशीवर दोन इंच पाणी २४ ते ४८ तास भरून ठेवा आणि खालच्यांना छत बघायला सांगा. ओल आली तर बहुतेक वेळा दोष लाद्यांत नसतो, ट्रॅपच्या सांध्यात किंवा भिंतीतल्या गंजलेल्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपात असतो. नुसते लाद्यांचे सांधे भरून देणारा मिस्त्री दोन-तीन हजार घेतो आणि एका पावसाळ्यात तुम्ही पुन्हा तिथेच. ट्रॅप बदलून, खालचा कोबा उघडून वॉटरप्रूफिंग करायला जास्त पैसे आणि आठ-दहा दिवस लागतात. ते दिवस भाडेकरू नसतानाच मिळतात.

खिडकीच्या चौकटीबाहेरची फट मेच्या आत सिलिकॉनने भरून घ्या. भिंतीच्या रंगाचं काम पावसाळा संपल्या संपल्या काढू नका, भिंत वाळू द्या. नोव्हेंबरच्या मध्यानंतर दिलेला रंग टिकतो, सप्टेंबरात दिलेला फुगतो.

विजेच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारं बटण) नसेल तर बसवा. गिझरला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि अर्थिंग तपासून घ्या. गिझर किंवा एसी भाडेकरू स्वतः लावणार असेल तर वायरिंग कोण करणार आणि जाताना भिंतीतली भोकं कोण बुजवणार हे लिहा. भोक बुजवायला दोनशे रुपये लागतात, त्यावरून होणारं भांडण दोन महिने चालतं.

मग ताबा देण्याचा कागद. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, त्यात नळ सुरू करून दाखवलेले, पंखे फिरताना दाखवलेले. मीटरचा फोटो, आकडा वाचता येईल असा. पंखे किती, दिवे किती, किल्ल्या किती, गिझरचा अनुक्रमांक. दोघांच्या सह्या. वीज मीटर तुमच्या नावावरच राहू द्या आणि बिल तुमच्या मोबाइलवर येऊ द्या. बिल थकतंय हे भाडं थकण्याच्या आधी कळतं.

कर, थोडक्यात

मिळालेल्या भाड्यातून तुम्ही प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्यातून सरसकट ३० टक्के, आणि गृहकर्जाचं व्याज. प्लंबर, रंगारी, ब्रोकर यांच्या पावत्या करासाठी निरुपयोगी, सगळं त्या ३० टक्क्यांत आलं. त्या पावत्या डिपॉझिटच्या हिशेबासाठी जपा. नव्या करप्रणालीत व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं तर तो तोटा पगारातून वजा होत नाही, जुन्या प्रणालीत वर्षाला दोन लाखांपर्यंतच होतो. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाचं व्याज पावणेसात लाखांच्या आसपास जातं, तेव्हा ‘कर वाचवण्यासाठी दुसरं घर’ हा सल्ला देणाऱ्याला आधी तुमची करप्रणाली कोणती ते विचारू द्या. भाडं महिना ५० हजारांच्या वर असेल तर पगारदार भाडेकरूनेही २ टक्के टीडीएस कापायचा असतो. १ ऑक्टोबर २०२४ आधी तो ५ टक्के होता. मालक परदेशात राहत असेल तर ही मर्यादा नाही, पहिल्या रुपयापासून ३० टक्क्यांच्या वर कपात होते.

दुकान किंवा गाळा भाड्याने देत असाल तर दोन गोष्टी वेगळ्या. कलम २४ चा जलद मार्ग फक्त राहण्याच्या जागेला आहे, गाळ्यासाठी लघुवाद न्यायालयात जावं लागतं. आणि तुमची जीएसटी नोंदणी नसली तरी नोंदणी असलेल्या भाडेकरूला १० ऑक्टोबर २०२४ पासून तुमच्या भाड्यावरचा जीएसटी स्वतः भरावा लागतो (कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, असलेले याला अपवाद), म्हणून बोलणी करतानाच ‘अधिक जीएसटी’ कोण सोसणार हे ठरवा.

निघायची वेळ

करार संपायच्या साठ दिवस आधी फोनमध्ये आठवण लावा. पुढे चालू ठेवायचं असेल तर नवा करार जुना संपायच्या आधी नोंदवा. ‘राहू दे, दोन महिन्यांनी करू’ म्हणत जुन्याच दराने पैसे घेत राहणं ही सर्वात महागडी आळशीपणाची जागा. मुदतीनंतर काही दिवस जाणारच असतील तर एक मेल टाका: करार अमुक तारखेला संपला, यापुढे येणारी रक्कम ही लायसन्स फी नसून वापराची भरपाई म्हणून, हक्क राखून स्वीकारत आहे.

माणूस निघालाच नाही तर कुलूप बदलू नका, पाणी-वीज तोडू नका. अत्यावश्यक सेवा तोडायला भाडे नियंत्रण अधिनियमाच्याच कलम २९ ची मनाई आहे, आणि पोलीस ठाण्यात तुम्ही फिर्यादीऐवजी आरोपी होता. वकिलामार्फत नोटीस, मग सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. सोबत नोंदणीकृत करार, इंडेक्स टू, मालकीचा कागद. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागितली नाही, तर तुमचं म्हणणं मान्य धरून आदेश होतो. त्या आदेशावर अपील नाही, नव्वद दिवसांत फेरतपासणीचा अर्ज तेवढा करता येतो. कायद्यात हे सरळ दिसतं. प्रत्यक्षात वेळ जातो तो समन्स बजावण्यात, म्हणून भाडेकरूचा गावचा पत्ता आणि ऑफिसचा पत्ता करारातच लिहून घेतलेला असला पाहिजे.

सरळ निघणाऱ्याशी आपणही सरळ वागावं. शेवटच्या दिवशी तोच व्हिडिओ पुन्हा, मीटरचा फोटो, किल्ल्या मोजून. डिपॉझिटमधून वीज आणि गॅसच्या शेवटच्या बिलापुरती रक्कम राखून बाकीचे पैसे किल्ली घेतानाच पाठवा. रंग विटला, नळाचा वॉशर झिजला, ही वापराची झीज आहे, तिचे पैसे कापू नयेत. फुटलेलं बेसिन वेगळं.

आणि घर बंद करताना बाथरूमच्या ट्रॅपमध्ये, मोरीत आणि संडासात एकेक तांब्या पाणी ओतून वर चमचाभर खोबरेल सोडा. ट्रॅपमधलं पाणी आटलं की गटाराचा वास आणि झुरळं थेट घरात येतात, आणि पुढचा गिऱ्हाईक दार उघडल्याबरोबर नाकाला रुमाल लावतो.